पाय टेकायची जागा

धान पिवळं पडू लागलं, बांध्यांतलं, म्हणजे धानाच्या खाचरांतलं, पाणी आटून चिखलाला भेगा गेल्या, की मला दरवर्षी मोटारसायकल आठवते. इतरांना या दिवसांत नव्या तांदळाचा वास आठवत असेल, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतले पाळणे आठवत असतील. मला दोन मोटारसायकली आठवतात, एक काळी बुलेट आणि एक लाल राजदूत, आणि त्या दोघींच्या मध्ये उभा असलेला मी. दोघींसमोरही मी कमी पडत होतो. किती, ते आकड्यात सांगणार नाही. शाळेच्या प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागायची, तिच्यात मी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत सगळ्यात पुढे उभा राहिलो, यावरून काय तो अंदाज बांधावा.

उंचीचं मला कधी फार दुःख झालं नाही. बांधीत वाकून काम करायला ठेंगणा माणूस बरा, त्याला कमी वाकावं लागतं. लोक 'बुटका वसंता' म्हणायचे, कारण गावात आणखी दोन वसंता होते आणि ओळख तर पटली पाहिजे. लग्न ठरवताना मुलगी बघायला गेलो तेव्हा मी सतरंजीवर बसलेलो, तीही पोह्यांची ताटली देऊन बसली. उभं राहून कोणी कोणाला पाहिलंच नाही. अंतरपाट खाली आला तेव्हा मांडवात हशा पिकला. हार घालायला मी चवड्यांवर उभा राहिलो आणि नवरीने मान वाकवली. ती वाकवताना ती हसली नाही, हे मात्र मी तेव्हाच पाहून ठेवलं.

ती कुसुम. माझ्याहून वीतभर तरी उंच, चालायला लागली की मला अर्धं धावावं लागे. शेतकऱ्याची मुलगी, पण शिकलेली. लग्नानंतर वर्षभरातच तिला प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली चिखल्याला. आमचं गाव बपेरा. नकाशात पाहिलं तर ही दोन्ही गावं एकाच तालुक्यात आहेत आणि फार लांब वाटत नाहीत. पण एस.टी.ने जायचं तर आधी तुमसर गाठायचं, तिथून दुसरी गाडी धरायची. आणि संध्याकाळी चिखल्याहून जी गाडी निघायची ती शाळा सुटायच्या आधीच निघून जायची. म्हणून कुसुमने खाणीच्या वसाहतीत एक खोली घेतली. मँगनीजची काळी धूळ तिच्या पांढऱ्या साड्यांच्या काठावर बसलेली असायची, ती शनिवारी घरी येऊन धुवायची आणि रविवारी पुन्हा निघायची.

हे सगळं सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं. तेव्हा आमच्या घरात कारभार माझ्या आईचा. आम्ही तिला माय म्हणायचो. मायचं म्हणणं साधं होतं. धान कापायला आलं की घरात माणूस लागतो, आणि घरातलं हक्काचं माणूस चिखल्यात दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवतंय, हे तिला पटत नव्हतं. त्या वर्षी कापणी सुरू झाली त्या दिवशीच ती ओसरीवर विळ्याची धार बघत मला म्हणाली,

"सून घरात आणली का चिखल्याले पोचवली रे वसंता? चुरणे होईस्तोर पाहू. मंग राजीनामा देऊन टाक मनाव तिले."

चुरणे म्हणजे मळणी. तेवढी मुदत आम्हाला मिळाली. शनिवारी कुसुम आली तेव्हा मी तिला मायचा निरोप सांगितला. ती धुतलेली साडी पिळत होती. पिळणं थांबवलं नाही.

"तुम्ही मनान त सोडून देईन जी," ती म्हणाली. "भांडणार नाई. पण मंग मी या घरात कशी राहीन, ते मले आजच सांगता येत नाई."

मला ते वाक्य फार लागलं. ती रागावली असती तर मीही रागावलो असतो आणि विषय संपला असता. ती खरं बोलली, त्यामुळे माझी पंचाईत झाली. तिची नोकरी आणि तिचं घर, दोन्ही राखायचं तर रोज सकाळी तिला चिखल्याला पोचवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, एवढा एकच मार्ग होता. सायकलने ते अंतर रोज डबल सीट कापणं शक्य नव्हतं. मोटारसायकल घ्यावी लागणार होती. पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, ते प्रत्येक घरात जसं जमतं तसंच जमलं. अडचण माझ्या पायांची होती.

त्या हंगामात आमच्या टापूत दोन जुन्या गाड्या विकायला होत्या. एक नत्थू गवळ्याची राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून तो गावोगाव फिरायचा, आता त्याला मुलासाठी दुकान टाकायचं होतं. गाडीला दुधाचा आंबूस वास आणि मागे निळा धूर. दुसरी चिखल्याच्या एका ठेकेदाराची बुलेट. मिश्राजी म्हणायचे त्यांना. खाणीवर मजूर आणि ट्रक पुरवायचा धंदा. त्यांनी जीप घेतली होती आणि बुलेट वसाहतीतल्या त्यांच्या अंगणात कोंबड्यांच्या सोबतीने उभी होती.

राजदूतवर बसलो की माझ्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागायचे. टाचा अधांतरी, पण चवडे लागायचे. बुलेटची सीट फार उंच नव्हती, पण रुंद होती, त्यामुळे पाय फाकायचे आणि तिथेच त्यांची लांबी संपायची. एका वेळी एकच चवडा, आणि तोही कंबर त्या बाजूला वाकडी केली तर. शिवाय किक. मिश्राजींनी समजावून सांगितलं होतं, आधी काटा मधोमध आणा, कळ दाबा, मग किकवर सगळं वजन टाका. माझं सगळं वजन टाकूनही किक अर्ध्यात थांबायची आणि मला वर उडवून द्यायची.

"शेर है शेर," मिश्राजी म्हणायचे. "बैठो भैया, डरो मत. इसको टांग नहीं, दिल लगता है."

मी त्यांना म्हणालो, दिल आहे जी, पण दिल जमिनीवर टेकत नाही. ते खूप हसले आणि चहा मागवला.

उंच माणसाला एक गोष्ट कळणार नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो. ज्याचे पाय पुरतात त्याला रस्ता सगळा सारखाच दिसतो. ज्याचे पुरत नाहीत त्याला रस्त्यात फक्त थांबायच्या जागा दिसतात. मी त्या दिवसांत गवळ्याची राजदूत मागून आणून पांदणीने, बांधांच्या कडेने चालवून बघत होतो, आणि माझ्या डोक्यात सगळ्या टापूचा एक वेगळाच नकाशा तयार होत होता. मारुतीच्या पाराचा कट्टा, पाय ठेवायला छान. ओढ्यावरच्या मोरीचा कठडा, जरा उंच पण चालेल. मैलाचे दगड सगळेच चांगले. धान मोजायच्या काट्याचा चौथरा उत्तम. आणि पांदणीत बैलबंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. त्यांच्यातून गाडी नेली की दोन्ही बाजूंची जमीन आपोआप वर येते आणि माझ्यासारख्याचे तळवे पूर्ण टेकतात. इतर लोक चाकोरी टाळून मधल्या उंचवट्यावरून जायचे. मी चाकोरी शोधत फिरायचो.

पण एकट्याने चालवून उपयोग नव्हता. मागे कुसुम बसणार होती. आता तिला मागे बसवूनच गाडी पारखायला हवी होती, हे आज कोणीही सांगेल. पण तेव्हा विकणाऱ्याच्या दारात, चार माणसांसमोर, घरच्या सुनेला गाडीवर चढवून-उतरवून बघणं आमच्या मनातही आलं नसतं. मी काय केलं, धानाचा एक कट्टा, म्हणजे पोतं, भरला. भरता भरता दोनदा उचलून पाहिला आणि अंदाजाने दोन पायल्या धान आणखी घातलं. अंदाज कशावरून केला ते कोणी विचारू नये. तो कट्टा दोरीने मागच्या सीटवर बांधायचा आणि गाडी चालवून, थांबवून, वळवून बघायची, अशी माझी परीक्षा होती.

राजदूत त्या परीक्षेत पास झाली. कट्टा मागे घेऊन मी पांदणीने गेलो, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून गेलो, कापलेल्या धानाच्या ठुटांवरून गेलो. थांबलो की चवडे टेकायचे आणि गाडी तोलली जायची. बुलेट मात्र नापास झाली. मिश्राजींच्या अंगणातच ती कट्ट्यासकट उजवीकडे कलली, मी एक पाय लांबवला, तो पुरला नाही, आणि आम्ही तिघं खाली बसलो. कट्टा उसवला. ठेकेदाराच्या कोंबड्यांना इतकं धान पुन्हा कधी मिळालं नसेल.

ठरलं. नत्थूला सांगितलं, मंडईच्या दिवशी गाडी नेतो, कुसुमला चिखल्याहून आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सौदा पक्का. नत्थू खूश झाला. म्हणाला, "तुमच्या मापाचीच गाडी हाय, वसंतभाऊ."

दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, रात्री दंडार, म्हणजे गावचं नाटक, होते, आणि घराघरात पाहुणे उतरतात. लेकी माहेरी येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, जे वर्षभर भेटले नाहीत ते भेटतात. मंडईच्या दिवशी घरात सून नसणं म्हणजे नाक कापल्यासारखं. माय सकाळपासून अनारसे तळत होती आणि एकेक अनारसा काढताना माझ्याकडे बघत होती.

मी चिखल्याला पोचलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. कुसुम शाळेच्या फाटकाशी निळी साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून उभी. मी शाळेच्या ओट्याला लागून गाडी उभी केली, एक पाय ओट्यावर. ती सगळ्या बायका बसतात तशी एका बाजूला बसली, दोन्ही पाय डावीकडे. निघालो. चालत्या गाडीवर सगळी माणसं सारख्याच उंचीची असतात. मी मान ताठ करून चालवत होतो. वाऱ्याला सुकत्या तनसाचा, धानाच्या पेंढ्याचा, वास होता, कापलेल्या बांध्यांमध्ये बगळे उतरले होते, आणि मागून कुसुम मुलांचं काहीतरी सांगत होती. मी तिला कट्ट्याच्या परीक्षेची हकीकत सांगितली. तिला इतकं हसू आलं की गाडी हलली.

पुढे रेल्वेचं फाटक लागतं. खाणींकडून मँगनीज भरून येणारी मालगाडी तिथून जाते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. त्या दिवशी फाटक बंद होतं. दोन बैलबंड्या, सायकलवाले, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बाया, मंडईला निघालेली माणसं, अशी बरीच गर्दी जमली होती. मी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली आणि डावा चवडा टेकला.

कट्टा मधोमध बसतो. बायको बसत नाही. तिचे दोन्ही पाय, पिशवी आणि अर्धं अंग डावीकडे होतं, आणि ते सगळं वजन माझ्या एका चवड्यावर आलं. गाडी हळूच कलली. वेगात पडलो असतो तर बरं झालं असतं. ही इतकी सावकाश पडली की सगळ्यांना नीट बघता आलं. मी गाडीखाली. कुसुम मात्र पडलीच नाही. तिचे पाय आधीच डावीकडे होते आणि लांब होते. गाडी खाली गेली तशी ती नुसती उभी राहिली, पिशवी खांद्यालाच.

बंडीवाले हसले. भाऱ्यांच्या बायांपैकी एकजण म्हणाली, "वो माय, उतरवून द्यायची रीत त चांगली हाय याची."

"लागलं का जी?" कुसुमने वाकून विचारलं.

"नाई."

"मंग उठा. पेट्रोल सांडून राहिलं."

दोघांनी मिळून गाडी उभी केली. माझे कान तापले होते. गाडी पडल्याचं मला विशेष काही वाटलं नाही. पण रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी हे फाटक लागणार होतं, आणि मला समोर दिसत होतं की हे जमणार नाही. मायची मुदत, कुसुमचं ते वाक्य, पिळलेली साडी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मला रडू येईल असं वाटलं, त्या लोकांसमोर.

कुसुम गाडीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "कट्टा कसा ठेवला होता तुम्ही?"

"मधोमध."

"मंग मी बी मधोमध बसते."

ती रस्त्याच्या कडेच्या पळसामागे गेली. परत आली तेव्हा तिने साडीचा कासोटा घातलेला होता, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करताना बाया घालतात तसा, पोटऱ्यांपर्यंत वर खोचून. आमच्याकडे पावसाळ्यात बांध्या-बांध्यांतून बाया अशाच उभ्या असतात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. कुसुमनेही लग्नाआधी बापाच्या बांधीत रोवणा केलेला होता. पण रोवण्याचा कासोटा चिखलात असतो. तो कोरड्या रस्त्यावर, मोटारसायकलजवळ, शाळेतल्या बाईंच्या अंगावर कोणी पाहिला नव्हता. बंडीवाले हसायचे थांबले. ती पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून माझ्या मागे बसली.

मालगाडी आली. काळ्या मातीने भरलेले डबे एकामागून एक जाऊ लागले, जमीन हलत होती, आणि त्या आवाजात मागून ती माझ्या कानाशी म्हणाली,

"पाय वर घ्या."

"काय?"

"तुमचे पाय वर घ्या जी, पाहू."

मी भीत भीत आधी एक, मग दुसरा पाय उचलला. गाडी तशीच उभी राहिली. मी खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना तिचे पाय होते, चपलांसकट, तळवे पूर्ण टेकलेले, शिवाय गुडघ्यात थोडे वाकलेले, म्हणजे अजून पुरून उरत होते. मालगाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत मी पाय वर घेऊन तसाच बसून राहिलो. इतकं निवांत मला त्या सगळ्या हंगामात वाटलं नव्हतं.

तिथून बपेऱ्यापर्यंत तिचे गुडघे माझ्या बरगड्यांत रुतत होते, कारण राजदूत आखूड होती आणि ती लांब. पण खरी अडचण पुढे होती. मंडईचा दिवस, संध्याकाळची वेळ, सगळा गाव रस्त्यावर. मी म्हणालो, गावाच्या आधी उतर, कासोटा सोड, मग चालत जाऊ. ती म्हणाली, "उद्या काय करान? परवा काय करान?"  आम्ही तसेच गावात शिरलो. फुग्याच्या दुकानापासून आमच्या घरापर्यंत लोक बाजूला होत गेले आणि बोलायचे थांबत गेले.

ओसरीवर पाहुण्या बायका बसलेल्या होत्या. माय दारात उभी, हाताला पीठ. तिने कुसुमला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटऱ्यांवर तिची नजर थांबली.  मग आमची एक लांबची आत्या, जिला गप्प बसणं जमत नाही, ती म्हणाली,

"काय वो, मास्तरीणबाई रोवण्याले निघाल्या का?"

मायने तिच्याकडे वळून पाहिलं. "रोवणा येते तिले," ती म्हणाली. "तुले येते का?"

आणि ती आत निघून गेली. मायला ते आवडलं होतं असं मुळीच नाही. पुढे तीन-चार दिवस ती कुसुमशी बोलली नाही, भांडी जरा जोरात ठेवायची. पण घरच्या सुनेला बाहेरच्याने बोललेलं तिला चालत नसे, तो हक्क तिचा होता. राजीनाम्याची गोष्ट मात्र त्यानंतर तिच्या तोंडून निघाली नाही. चुरणे झाले, नवा तांदूळ घरात आला, आणि ती मुदत कोणी काही न बोलता संपून गेली.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नत्थूकडे सौद्याला निघालो तर कुसुम म्हणाली, "ती दुसरी गाडी कशी आहे?"

"बुलेट? ती नको. तिच्यावर माझे पाय..."

"तुमच्या पायाचं सोडा न जी. मागची सीट कशी आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा हंगाम मी चुकीचे पाय मोजत फिरत होतो. आम्ही दोघं मिश्राजींच्या अंगणात गेलो. कुसुमने कासोटा घातला आणि बुलेटच्या मागच्या सीटवर बसली. मिश्राजी भला माणूस, तो आभाळाकडे बघत कोंबड्यांना दाणे टाकू लागला. सीट लांब-रुंद होती, तिचे गुडघे मोकळे राहिले, तळवे जमिनीवर सपाट. मी पुढे बसलो, पाय वर घेतले, आणि तिला म्हणालो, हलव. तिने ती अवजड गाडी दोन्ही बाजूंना झुलवली, पाळणा झुलवावा तशी, आणि पुन्हा सरळ धरली. बुलेट घेतली. नत्थू आठवडाभर माझ्यावर रुसला होता, मग त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं आणि तो मला पुन्हा दूध देऊ लागला.

किकही जमली. गाडी घराच्या ओट्याला लावायची, ओट्यावर उभं राहायचं आणि तिथून किकवर सगळ्या अंगाने उतरायचं. मी उतरलो की बुलेट बोलायची. गावातली पोरं ते बघायला सकाळी जमत. आमच्या गाडीला लोक 'चार पायांची गाडी' म्हणू लागले.

त्यानंतर किती हंगाम आम्ही त्या रस्त्याने गेलो-आलो. आश्विनातल्या सकाळी धानावर इतकं दव असायचं की रस्त्याच्या कडेने जाताना पाय भिजायचे. पुढे कापणी, मग बांधीबांधीत रचलेले पेंढ्यांचे ढीग, मग मोकळी शेतं आणि त्यांच्यात लाखोळीची निळी फुलं. कुसुम मागून बोलत असायची. कुठल्या पोराला वाचता येऊ लागलं, कोणाचा बाप खाणीत रात्रपाळीला असतो म्हणून पोरगं वर्गात झोपतं, कोणाला चष्मा लागणार आहे. मी फारसं बोलायचो नाही, बुलेटच्या आवाजात बोलणं पुढून मागे जात नाही. मागून पुढे मात्र नीट येतं. आमच्या संसारातल्या निम्म्या गोष्टी मी त्या रस्त्यावर, तिच्याकडे पाठ करून ऐकल्या आहेत. आमचा मोठा मुलगा होणार आहे हेही मला तिथेच, ओढ्याच्या मोरीवर कळलं. मी गाडी थांबवली आणि पाय टेकायला विसरलो. तिने टेकले होते.

फाटकाशी थांबायच्या माझ्या दोन रीती ठरून गेल्या. तिला शाळेत सोडून एकटा परत येत असलो की डावीकडे, मैलाच्या दगडाला लागून थांबायचं आणि दगडावर पाय ठेवायचा. ती मागे असली की रस्त्याच्या मधोमध थांबायचं, पाय वर. फाटकवाला नुसतं मी कुठे थांबलो ते बघून, मान न वळवता विचारायचा, "बाई हायत का आज?"

मग वर्षं गेली. माय गेली. शेवटच्या आजारात तिला तुमसरच्या दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा जीप मिळेना. मायला आमच्या दोघांच्या मध्ये बसवून कुसुमने नेलं, पाय तिचे, मी नुसता पुढे. कुसुम चिखल्याहूनच निवृत्त झाली. आता रस्ता सिमेंटचा आहे आणि पांदणीतल्या चाकोऱ्या ट्रॅक्टरने मोडून टाकल्या आहेत. बुलेट तीच आहे. तिच्यात काय काय नवं बसवलं ते सांगायला लागलो तर तीच आहे असं म्हणता येणार नाही, पण सीट तीच आहे.

गेल्या पावसाळ्यात कुसुमच्या उजव्या गुडघ्याने दावा मांडला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे. गुडघा वाकत नाही, जिना चढवत नाही, पाटावर बसवत नाही. गाडीवर टांग टाकणं तर दूरच.  तिच्या डोक्याला बांधायचा रुमाल गाडीच्या आरशाला लटकलेला असायचा, तो एक दिवस घडी होऊन कपाटात गेला. मी एकटाच बाजारहाट करू लागलो.

परवा धान कापायला आलं म्हणून हार्वेस्टर ठरवायला फाटकापलीकडच्या गावात निघालो. ऊन कोवळं होतं, तोच तनसाचा वास, तेच बगळे. हार्वेस्टरवाला किती मागेल, कोणती बांधी आधी कापायची, मुलगा सुट्टीला येईल का, असं एकेक मी बोलत चाललो होतो. फाटक बंद होतं. मी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि पाय वर घेतले.

पुढचं सांगायला नको. लेगगार्डमुळे पाय वाचला, कोपर खरचटलं. पोरं धावत आली, गाडी उचलली, एकाने पाणी दिलं. "चक्कर आली का आजोबा?" मी हो म्हणालो. रस्ताभर मी कोणाशी बोलत आलो होतो ते त्यांना काय सांगायचं.

घरी आलो तर कुसुम ओट्यावर खुर्ची टाकून तांदूळ निवडत होती. तिने माझं कोपर पाहिलं.

"कुठं पडले?"

"फाटकाजवळ."

"काहून?"

"पाय टेकले नाई."

तिचे हात सुपात थांबले.  मग ती म्हणाली, "मी नव्हती न मागं." मी म्हणालो, "हाव."  तिने सूप बाजूला ठेवलं आणि आपल्याच गुडघ्यावर हात फिरवत राहिली.

आज चिखल्याची मंडई. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं तिथे दरवर्षी बाईंना जेवायला बोलावतात. यंदा जमणार नाही असं ठरलं होतं. सकाळी मी गाडी पुसत होतो तर ती दारात आली, डोक्याला रुमाल बांधलेला, कासोटा घातलेला.

"गाडी ओट्याले लावा," ती म्हणाली.

"कुसुम, गुडघा वाकत नाई तुझा."

"वाकत नाई. पण उभा त चांगला राहते. आपल्याले त तोच पाहिजे न?"

मी बुलेट ओट्याला अगदी चिकटवून लावली. ती ओट्यावर उभी राहिली, एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. ओट्यावरून सीट खाली येते, टांग वर न्यावी लागत नाही. दुखणारा पाय सरळच्या सरळ पलीकडे गेला. ती बसली. थोडा वेळ तिचा श्वास लागला होता. मग माझ्या पाठीवर तिने दोन बोटांनी टकटक केली, चला म्हणून, नेहमी करायची तशी.

रस्ताभर ती बोलत होती. फाटक बंद होतं. मी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवली आणि पाय वर घेतले.